ग्रंथपालाची खुर्ची

गेल्या पावसाळ्यात एका लेखाच्या निमित्ताने शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘काळ’ पत्रातील निबंधांची जुनी आवृत्ती पाहण्याची गरज निर्माण झाली. १८९८ साली पुण्यात निघालेले आणि दहा वर्षे इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलत राहिलेले हे पत्र. त्यातील निवडक निबंधांवर सरकारने जप्ती आणली होती; म्हणजे जुनी प्रत जेथे असेल तेथे ती कोणीतरी जीव लावून सांभाळलेली असणार, हे उघड होते. पुण्यातल्याच एका ग्रंथालयात गेलो. नाव सांगत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही.

संगणकापुढे बसलेल्या तरुणाने अदबीने बसायला सांगितले. नाव विचारले, टंकित केले आणि तो गोंधळला. “सर, इथल्या सगळ्या मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. के-ए-एल टाकलं की काळ, काल, कल, कळ असं सगळंच येतं.” एकेक नोंद त्याने उघडून दाखविली. अखेर एक नोंद जुळली. पुढे ‘उपलब्ध’ असा शेरा होता. दाखल क्रमांक घेऊन तो आत गेला आणि पंधरा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत आला. “मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे, सर. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. त्यांना कपाटं ठाऊक होती.” एवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने विचारले, “परांजप्यांचं लाल बांधणीचं का?” आणि मागल्या खोलीतल्या तिसऱ्या कपाटातून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले पुस्तक दहा मिनिटांत आणून माझ्यासमोर ठेवले.

पुस्तक मिळाले, पण मन स्वस्थ होईना. ग्रंथालयाच्या दारावर पाटी होती, आत संगणक होता, त्यावर नोंद होती, एक पदवीधर तरुण होता. आणि तरीही पुस्तकाचा ठावठिकाणा अखेर अवघ्या इयत्ता सातवी शिकलेल्या एका गृहस्थाच्या स्मरणात होता. तोही येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार आहे.

आपल्या भाषेने या व्यवसायाला दिलेला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गोपाल, द्वारपाल, तसा ग्रंथपाल. केवळ ठेवणारा नव्हे, राखणारा. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक जी विनवणी लिहून ठेवत असत ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या राखणीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून मला वाचवा, असे ती पोथीच वाचकाला सांगत असते. पाठ वाकवून, मान मोडून लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक होते की, आपण लिहिले म्हणून ग्रंथ टिकणार नाही. पुढे पिढ्यानपिढ्या कोणीतरी तो उन्हे दाखवून, झटकून, पुन्हा रुमालात बांधून ठेवील तरच टिकेल.

पुण्याला ही राखणदारी नवी नाही. १८६६ पासून मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखिते गोळा करण्याचे काम सुरू केले. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या विद्वानांनी गावोगाव फिरून जमविलेला हा संग्रह डेक्कन कॉलेजात होता. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढील वर्षी तो तेथे आला. ऋग्वेदाच्या ज्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोने ‘जागतिक स्मृती’च्या सूचीत केली ती याच संग्रहातील. त्यांतील एक शारदा लिपीतले, भूर्जपत्रावरचे आहे. काश्मीरचे ते धन पुण्यात सुरक्षित राहिले. आपण अभिमानाने हे सांगतो. परंतु ही हस्तलिखिते रोज हाताळणारा, त्यांची वर्णनात्मक सूची करणारा माणूस कोण होता, हे किती जणांना सांगता येईल?

परशुराम कृष्ण गोडे हे त्यांचे नाव. १८९१ साली देवरुखला जन्मलेले गोडे १९१९ मध्ये भांडारकर संस्थेत अभिरक्षक म्हणून आले आणि १९६१ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. पद म्हणाल तर आजच्या भाषेत ग्रंथपालाचेच. पोथी काढून द्यायची, परत आली की पाने मोजायची, देशोदेशीच्या अभ्यासकांची पत्रे आली की उत्तरे लिहायची. याच कामातून त्यांचे चारशेहून अधिक शोधनिबंध झाले. एखाद्या ग्रंथकाराचा काळ ठरवायचा तर त्याने कोणाची अवतरणे घेतली आणि त्याची अवतरणे पुढे कोणी घेतली, हे पाहून दोन्ही बाजूंनी मर्यादा बांधत आणायची, ही त्यांची पद्धत. आणि विषय तरी कोणते? स्त्रियांच्या नाकातली नथ आपल्याकडे केव्हापासून आहे, दारूकामाचा इतिहास काय, चष्मा भारतात केव्हा आला, तंबाखू केव्हा आली, रांगोळीचे उल्लेख किती जुने. ज्या गोष्टींकडे इतिहासकारांनी ढुंकून पाहिले नव्हते त्यांची वंशावळ या माणसाने पोथ्यांच्या कपाटांत बसून शोधून काढली. आपल्या संस्कृतीचा इतिहास केवळ राजांच्या लढायांत नसून स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यासमोरच्या अंगणातही असतो, हे सांगणारा हा ग्रंथपाल होता. कोणत्याही विद्यापीठाच्या अध्यासनावर बसून हे झाले नसते, असे मला वाटते. त्यासाठी हजारो पोथ्यांची धूळ बोटांना लागावी लागते.

सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळातही हीच परंपरा दिसते. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापिलेल्या या मंडळाचे दप्तर अनेक दशके ग. ह. खरे यांनी सांभाळले. मोडी, फार्सी, शिलालेख, ताम्रपट, मूर्ती, नाणी यांतील कशाविषयीही प्रश्न घेऊन गेले तर खरे स्वतःच चालताबोलता संदर्भकोश. येथे संग्रह आणि संग्राहक अशी दोन वेगळी खाती नव्हतीच.

अर्थात प्रत्येक वाचनालयात गोडे किंवा खरे बसले होते, असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरेल. पुण्यातील सार्वजनिक वाचनाचा प्रवाह लोकहितवादींच्या पिढीने १८४८ मध्ये सुरू केला; आजचे पुणे नगर वाचन मंदिर हे त्याचे रूप. रत्नागिरीला १८२८, नाशिकला १८४०, कोल्हापूरला १८५० अशी ही वाचनालयांची माळ महाराष्ट्रभर गुंफली गेली आणि पुण्यात १९११ साली पुणे मराठी ग्रंथालयाची भर पडली. या वाचनालयांतला ग्रंथपाल बहुधा सायंकाळी दोन-तीन तास येणारा, दिवसा अन्यत्र कारकुनी करणारा गृहस्थ असे. त्याने कोणता अभ्यासक्रम केलेला नसे. पुस्तकांना खाकी कव्हर घालणे, दाखल नोंदवहीत क्रमांक चढविणे, वर्गणी वसूल करणे, कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवणे, हे त्याचे शास्त्र.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात असेच एक काका होते. साठीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुले ‘पुस्तक बदलायला’ जात असू. हा शब्दप्रयोगही आता ऐकू येत नाही. मला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे वेड. काका देत, पण एक अट घालून. “अर्नाळकर एक, आणि त्याच्याबरोबर मी देईन ते एक. दोन्ही वाचल्याशिवाय तिसरं नाही.” एकदा त्यांनी दिलेले गो. नी. दांडेकरांचे पुस्तक न वाचताच परत नेले. त्यांनी ते उघडले, एकच प्रश्न विचारला आणि माझा चेहरा पाहून शांतपणे पुन्हा माझ्याच हाती ठेवले. “घाई नाही, बाळ. पुढच्या आठवड्यात आण.” पुढे जन्मभर मराठी शिकविण्याचा व्यवसाय केला, त्याचे मूळ त्या लाकडी खिडकीशी आहे. काकांचा पगार किती होता, हे तेव्हा कळत नव्हते. घरी गेल्यावर ते शिकवण्या करीत, एवढे आठवते.

हौसेचे आणि निष्ठेचे हे काम शास्त्र कसे झाले, याचीही हकीकत मनोरंजक आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. पेट्यांतून खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालये काढली. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने ते काम सांभाळले. त्यानंतर मद्रासमध्ये शियाळी रामामृत रंगनाथन् आले. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांनी घेतले खरे, पण सुरुवातीला ओसाड वाचनालयातल्या एकांताला कंटाळून ते परत शिकविण्याकडे वळू पाहत होते. लंडनला प्रशिक्षणासाठी गेले असताना एका दुकानात मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडून हवी ती वस्तू बनते, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘द्विबिंदू’ पद्धत तीच. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो.

या पद्धतीचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. अमेरिकेच्या मेलविल ड्यूई यांनी १८७६ साली केलेली दशांश पद्धत आजही आपल्या बहुतेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात धर्म या विषयाला २०० ते २९९ असे शंभर क्रमांक आहेत. त्यांतील फार मोठा भाग एकट्या ख्रिस्ती धर्माने व्यापला. एकट्या बायबलला २२० चे संपूर्ण दशक. उरलेल्या साऱ्या जगाच्या धर्मांची सोय शेवटच्या २९० मध्ये, आणि वेद, उपनिषदे, गीता, संतसाहित्याचे तत्त्वज्ञान यांनी दाटीवाटीने बसायचे ते २९४.५ या एका अपूर्णांकात! इंग्रजी वाङ्मयाला ८२० हा ऐसपैस क्रमांक, तर ज्ञानेश्वरांपासून आजवरच्या मराठी वाङ्मयाला ८९१.४६. आता कोणी म्हणेल, क्रमांकात काय आहे? क्रमांक हा कपाटातला पत्ता असतो. ज्याने पत्ते वाटले त्याच्या नजरेत जगाचा मध्य कोठे होता, हे त्यातून कळते. ड्यूईंनी हे दुष्टपणे केले, असे मी म्हणत नाही; त्यांच्यासमोरच्या अमेरिकन महाविद्यालयातील पुस्तकांची ती मांडणी होती. प्रश्न आपला आहे. आपल्याच देशात एका भारतीयाने जगाला मान्य झालेला पर्याय दिला असताना आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मांडणीतच का राहिलो? उत्तर सोपे आहे. ड्यूई वापरणे सुलभ आहे, तयार क्रमांक मिळतात आणि रंगनाथन् यांची पद्धत चालवायला ग्रंथ उघडून वाचणारा, विचार करणारा ग्रंथपाल लागतो.

मराठीत असा विचार करणारी माणसे होऊन गेली. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ज्यांनी वापरली आहे त्यांना त्यांचे ऋण ठाऊक आहे. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची आणि दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० मधील पुस्तकांची नोंद त्यांनी केली. मराठी सूचीकाराच्या अडचणी इंग्रजी ग्रंथपालाला स्वप्नातही दिसणार नाहीत. एकच राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःच्या नावाने, कवितांवर ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेखनावर ‘बाळकराम’ म्हणून येतात. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते; परंतु एकोणिसाव्या शतकातल्या ‘एक मित्र’ किंवा ‘एक कुलीन स्त्री’ अशा सह्यांमागे कोण दडले आहे, हे शोधायला माणूसच लागतो.

विद्यापीठांनी या विषयाला मान्यता दिली, पुणे विद्यापीठात १९५८ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले आणि ग्रंथपाल हा पदवीधर व्यावसायिक झाला. महाविद्यालयात त्याला प्राध्यापकाच्या बरोबरीचे वेतन मिळू लागले. ही प्रगती मोलाची होती आणि माझ्या पिढीने तिचा लाभ घेतला. अनेक महाविद्यालयांतील ग्रंथपाल मी जवळून पाहिले. नव्या पुस्तकांची यादी घेऊन विभागात येणारे, ‘तुमच्या विषयावर हे आले आहे, पाहून ठेवा’ असे सांगणारे. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाचे शां. शं. रेगे यांनी तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या ग्रंथवेड्या वाचकाची मर्जी संपादन केली होती. ते काम सोपे नसणार!

सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. वास्तविक देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानचा, १९४५ सालचा. महाराष्ट्र राज्याने १९६७ साली आपला कायदा केला. मद्रासमध्ये रंगनाथन् यांच्या प्रेरणेने १९४८ साली झालेल्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद होती. आपण उपकर लावला नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. लोकसहभागाच्या दृष्टीने ही योजना उत्तम होती. तिच्यामुळे खेड्यापाड्यांत ग्रंथालये उभी राहिली. आज अनुदानप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. परंतु त्यात बसणाऱ्या माणसाचे काय? ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला दीर्घकाळ वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. २०२२-२३ मध्ये ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा धरला तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. वाढ होण्यापूर्वी साडेबाराशे होते. वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींविषयी व्यंकप्पा पत्की समितीने शिफारशी केल्या. त्या अमलात आणा म्हणून ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत आले. सरकारे सर्व पक्षांची येऊन गेली. या प्रश्नावर त्यांच्यात फारसा मतभेद दिसला नाही, एवढेच म्हणता येईल.

शाळांची कथा याहून निराळी नाही. हजाराहून अधिक विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याहून कमी असतील तर अर्धवेळ. अर्धवेळ ग्रंथपाल उरलेल्या वेळात पोषण आहाराच्या नोंदी करतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिका मोजतो. पुस्तकाचे कपाट कुलुपात राहते, कारण पुस्तक हरवले तर भरपाई त्याच्या पगारातून जाते. मुलांना पुस्तके मिळत नाहीत म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

आता संगणकाकडे वळतो. वयाने मोठी माणसे या विषयावर बोलू लागली की, यंत्राविरुद्ध गाऱ्हाणे ऐकावे लागणार, अशी तरुण वाचकांची समजूत होते. माझे गाऱ्हाणे यंत्राविरुद्ध नाही. १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ स्थापन झाल्यापासून विद्यापीठांची ग्रंथालये परस्परांशी जोडली गेली. पूर्वी ज्या नियतकालिकाच्या एका लेखासाठी दिल्लीला पत्र लिहून दोन महिने वाट पाहावी लागे तो आज तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही घरबसल्या मिळतो. २०२५ पासून ‘एक देश, एक सदस्यता’ योजनेखाली हजारो शासकीय शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार विद्वत्तापूर्ण नियतकालिके खुली झाली. हे थोर काम आहे. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचे नावही आता ‘जयकर ज्ञानस्रोत केंद्र’ असे झाले आहे. नाव बदलण्यालाही माझी हरकत नाही. ग्रंथालयात आता केवळ ग्रंथ नसतात, हे खरेच आहे.

पण १३ हजार नियतकालिकांच्या त्या महासागरात ‘काळ’ सापडत नाही, हेही तितकेच खरे आहे. इंग्रजी ज्ञान परदेशी प्रकाशकांनी नीट नोंदवून, शोधता येईल असे करून आपल्याला विकले. मराठीचे हे काम आपल्याशिवाय दुसरे कोण करणार? ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या ग्रंथालयांनी उत्साहाने संगणक घेतले त्यांनी एक तर मराठी नावे रोमन अक्षरांत भरली, किंवा त्या वेळच्या निरनिराळ्या फाँटमध्ये. फाँट बदलले, संगणक बदलले आणि त्या याद्या पडद्यावर चिन्हांच्या जंगलासारख्या दिसू लागल्या. गंमत अशी की, भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्याचे मोठे काम याच पुण्यात, ‘सीडॅक’मध्ये झाले. आज युनिकोडमुळे देवनागरी कोठेही लिहिता, शोधता येते. ‘कोहा’सारखी प्रणाली विनामूल्य आहे. तांत्रिक अडचण उरलेलीच नाही. अडचण अशी आहे की, लाखभर जुनी पुस्तके एकेक करून हातात घेऊन, मुखपृष्ठ फाटले असेल तर आतून नाव शोधून, टोपणनाव उलगडून, देवनागरीत नोंद करणारा माणूस नेमायला कोणी तयार नाही. पुस्तकांची छायाचित्रे काढण्याचे कंत्राट देता येते, कारण पानांची संख्या मोजता येते. भारतातील पुस्तकांच्या पूर्वीच्या अंकीकरण प्रकल्पांत ज्यांनी शोधाशोध केली आहे त्यांना चुकीची शीर्षके, गाळलेली पाने आणि तिरपे झालेले कागद नवे नाहीत.

दरम्यान कागद थांबत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वस्त लगद्याचा आम्लयुक्त कागद आला. हातकागदावरची तीनशे वर्षांपूर्वीची पोथी आजही लवचीक असते आणि १९२० सालचे पुस्तक उघडले की, त्याच्या कडा पापडासारख्या तुटतात. राष्ट्रीय चळवळीचे, समाजसुधारणेचे, आपल्या पणजोबा-पणजींच्या पिढीचे सारे मराठी विचारधन याच कागदावर आहे. पोथ्यांसाठी २००३ पासून राष्ट्रीय अभियान झाले, ते योग्यच होते. छापील पुस्तकांना अशी वाली नाही. पुण्याने १९६१ च्या पानशेतच्या प्रलयात नदीकाठच्या पेठांतून घरोघरची पुस्तके चिखलात गेलेली पाहिली आहेत, २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवरचा हल्ला पाहिला आहे आणि त्यानंतर विस्कटलेले ग्रंथ पुन्हा जुळविणारे हातही पाहिले आहेत. या घटना आपल्या लक्षात राहतात. कपाटात आवाज न करता होणारा नाश लक्षात येत नाही.

आज पुण्याच्या पेठांतून फिरले तर ‘अभ्यासिका’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात. स्पर्धा परीक्षांसाठी आलेली खेड्यापाड्यांतील हजारो मुले दहा-दहा, बारा-बारा तास तेथे बसतात. कित्येक जुन्या वाचनालयांनीही आपल्या दालनांत खुर्च्या मांडून अभ्यासिका सुरू केल्या आणि त्या शुल्कावर त्यांचे दिवे जळत आहेत. त्याबद्दल नाक मुरडणे मला मान्य नाही. शेतकऱ्याच्या मुलाला शांत जागा, दिवा आणि पंखा मिळतो, हे पुण्याच्या परंपरेला शोभणारेच आहे. मात्र ही मुले स्वतःच्याच चार-सहा पुस्तकांवर मान घालून बसतात. पाठीमागच्या भिंतीवरच्या कपाटाला हात लावत नाहीत. आणि ग्रंथपाल खुर्च्यांचे क्रमांक, मोबाइल चार्ज करण्याच्या जागा आणि डब्यांचे वास यांची व्यवस्था पाहत असतो. एका अभ्यासिकेत मी ग्रंथपालबाईंना विचारले, शेवटचे पुस्तक तुम्ही कोणाला सुचविले? त्या बराच वेळ आठवत राहिल्या. “विचारलंच नाही हो कोणी,” म्हणाल्या.

वाचक नाहीत असे नाही. २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो, तेथे गर्दी आवरत नाही. दिवाळी अंकांच्या योजनेसाठी आजही ज्येष्ठ मंडळी वाचनालयात नाव नोंदवितात. लोक पुस्तके विकत घेतात, हे शुभचिन्ह आहे. पण विकत घेतलेल्या पुस्तकाची गाठ घरातल्या चौघांशी पडते, वाचनालयातल्या पुस्तकाची गाठ चार पिढ्यांशी.

घरांतल्या पुस्तकांचा विषय निघाला म्हणून थोडे कटू बोलतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-वडिलांचा संग्रह आहे. मुले परदेशी, सदनिका लहान, वाडा पाडायचा. मग घाईघाईने वाचनालयाला दूरध्वनी जातो, ‘चार पोती पुस्तके आहेत, उद्या टेम्पो पाठवा’. ग्रंथपालाने नम्रपणे जागा नसल्याचे सांगितले की, आपल्याला अपमान वाटतो आणि पुस्तके रद्दीवाल्याकडे जातात. त्या चार पोत्यांत ज्या तीस पुस्तकांची नोंद अन्य कोठेही नसेल ती ओळखणारा डोळा फक्त ग्रंथपालापाशी असतो, आणि ते ओळखायला त्याला यादी लागते. आपण ती यादी करून दिली आहे का? वाचनालयाची वर्गणी तरी आपण भरतो का? एका वेळच्या उपाहारगृहातील जेवणाच्या खर्चात बहुतेक वाचनालयांची काही महिन्यांची वर्गणी भागते. शासनाला जाब विचारायलाच हवा. रिक्त जागा भरा, वेतन द्या, हे म्हणायलाच हवे. परंतु ज्या ग्रंथालयांना पूर्वजांनी माधुकरी मागून उभे केले त्यांच्या सभासदांच्या यादीत आपले नाव नसेल तर त्या मागणीला वजन कोठून येणार?

शहरांत निवृत्त प्राध्यापक, बँक कर्मचारी, शिक्षक, टंकलेखन येणाऱ्या गृहिणी यांचे मोठे बळ आहे. आठवड्यातून दोन दुपारी एखाद्या ग्रंथालयाला द्यायच्या, ग्रंथपालाच्या हाताखाली, त्याच्या शिस्तीत बसून जुन्या पुस्तकांच्या देवनागरी नोंदी करायच्या, हे कोणत्याही अनुदानाशिवाय होण्यासारखे आहे. ‘त्याच्या हाताखाली’ हे मुद्दाम लिहिले. आपल्याकडे सेवाभावी माणूस आला की तो पहिल्याच दिवशी संस्थेला सुधारणा सुचवू लागतो! शिवाय सेवाभावी माणसे मिळाली म्हणून ग्रंथपालाची जागा भरायची गरज नाही, असा सोयीचा अर्थ संस्थाचालकांनी काढू नये. आम्ही नोंदी करू. राखण करायला रोज येणारा, पगारी, शिकलेला माणूसच हवा.

त्या ग्रंथालयात मी जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. शिपाई कपाट उघडतो, पुस्तक हातात घेतो आणि त्याविषयी जे ठाऊक असेल ते सांगतो. हे कोणी देणगी दिले, हे कोणत्या प्राध्यापकांना नेहमी लागत असे, याची मागची पाने कधी गेली. मी वहीत उतरवितो. करारावरचा तो तरुण ते देवनागरीत संगणकावर चढवितो. टोपणनावे अडली की तो दात्यांची सूची उघडतो. ती कशी पाहायची, हे आता त्याला चांगले जमते. त्याचा करार डिसेंबरात संपतो. मार्चपर्यंत अकरा कपाटे व्हायची आहेत, आतापर्यंत तीन झाली.